गुडघाभर पाण्यातली

१

दुपारची भांडी पालथी घातली की मी आमच्या खोलीत जायचे, दार लोटायचे आणि समुद्र पाहायचे.

शहापुरातून समुद्र दिसत नाही. पुढच्या बाजूला हायवे दिसतो, मागच्या खिडकीतून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्या पलीकडे म्हशी धुवायची बोडी, लहानसं तळं. समुद्र मोबाईलमध्ये होता. तो माझा नवरा सुगत कारखान्याच्या कँटीनमधून पाठवायचा. सकाळी मोटरसायकलवर वरठीला जायचा, जेवणाच्या सुट्टीत अंदमानच्या किनाऱ्यांचे व्हिडिओ मला धाडायचा आणि संध्याकाळी आला की चहाचा कप हातात घेऊन विचारायचा, "मंग? कोणता बीच पास झाला?"

लग्न दिवाळीनंतर झालं होतं. सुट्टी जानेवारीत मिळणार होती. अंदमान पक्कं होतं, किनारा ठरायचा होता. रोज नव्या ठिकाणी धावपळ करायची नाही, असं सुगतचं म्हणणं. सगळ्यांत चांगला असेल तो एक किनारा निवडायचा, त्याच्या अगदी जवळ राहायचं, आणि दोघांनी नुसतं बसायचं.

सासूबाई मंगलाबाई हे सगळं कान देऊन ऐकायच्या आणि मग ऐकलंच नाही असं दाखवायच्या.

"एवढ्या दूर पाणीच पाहाले जाता? वैनगंगा का आटली?"

"आई, समुद्र हाय तो."

"त्यातलं पेता तरी येते का?"

यावर माझी नणंद दीपमाला अभ्यासाचं पुस्तक बाजूला ठेवून उठून यायची. "वहिनी, दादा म्हणन का मले पोहता येते. भरवसा नोको ठेवू. बोडीत म्हशीची शेपटी धरून पोहत होता."

सुगत हसायचा आणि कपात पाहायचा. त्याच्या शर्टाच्या बाह्यांवर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं असतात. तो हसला की मी त्या भोकांकडे पाहते. चेहऱ्याकडे पाहणं अजून जमत नाही.

मी कमी बोलते. माहेरी, सिहोऱ्याला, हे सगळ्यांना माहीत होतं म्हणून खपून जायचं. सासरी नवी सून कमी बोलली की तो एक तर गर्व असतो नाही तर दुःख. सुगतला दुसरी शंका होती. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं भिंतीकडे तोंड करून विचारलं होतं, "तुह्या मर्जीनं झालं ना लगन?" मी हो म्हणाले. पण तो हो इतका बारीक निघाला की सुगत अजूनही त्यावर विचार करत असावा. मला तो आवडत होता. हे सांगायला लागते ती जागा त्या घरात नव्हती. आमच्या खोलीची भिंत आणि दीपमालाच्या खोलीची भिंत एकच, आणि दीपमाला परीक्षा नसतानाही जागी असायची.

म्हणून मला तो किनारा हवा होता. पाण्याचं मला विशेष काही नव्हतं.

२

पहिला पास झाला राधानगर. सुगत म्हणाला, "राधानगर?" मी म्हणाले, "राधानगर." त्यानं कपानं माझ्या कपाला टक केलं. आमच्यात तोवर झालेलं हे सगळ्यांत मोठं बोलणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तोच व्हिडिओ पुन्हा लावला. पंजाबी ड्रेसमधली एक मुलगी वाळूत गोल फिरत होती, इथं या, तिथं खा, असं सांगत होती. तिच्या मागे, बरंच लांब, गुडघाभर पाण्यात एक बाई वाकलेली होती. पाठ आमच्याकडे. विटकरी लुगडं, गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं.

शिंपले वेचत असेल, असं मला वाटलं. समुद्र न पाहिलेल्या माणसाला समुद्रात वाकलेली बाई शिंपलेच वेचणार असं वाटतं. काल ती त्या व्हिडिओत नव्हती असं मी छातीठोक म्हणू शकत नव्हते. काल मी त्या मुलीच्या कानातल्यांकडे पाहत होते.

मग दुसरा व्हिडिओ लावला, दुसऱ्याच कुणाचा, जुना. त्यातही ती होती. तीच जागा, तेच लुगडं, तशीच वाकलेली. तिसरा ड्रोननं काढलेला होता. वरून माणसं तिळाएवढी दिसत होती, आणि त्यात एक विटकरी तीळ.

याचंही उत्तर मी काढलं. शहापूरच्या फाट्यावर एक भजेवाला आहे. कुठल्याही साली तिथला फोटो काढला तर तो त्यात असणारच, त्याच झाऱ्यासकट. तशी ही तिथली रोजची बाई असेल.

एक गोष्ट मात्र उत्तरात बसेना. लाटा येत होत्या. लाट आली की पाण्यातली माणसं उडी मारत, ओरडत, एकमेकांना धरत. ती हलत नव्हती. तिच्याभोवतीचं पाणीही हलत नव्हतं. लाट दोन्हीकडून यायची आणि तिच्यापाशी येऊन परातीतल्या पाण्यासारखी सपाट व्हायची.

संध्याकाळी मी सुगतसमोर मोबाईल धरला. "ही बाई पाहिली का?"

त्यानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. विटकरी पाठ पडदाभर झाली. "कोणती? हे लाल टोपीवाली?"

लाल टोपी खूप मागे, डाव्या कोपऱ्यात होती.

"हो," मी म्हणाले. "तीच."

"गर्दी वाटते का तुले इथं? मंग दुसरा पाहू ना." त्याला बरं वाटलं होतं. मी पहिल्यांदाच कशाबद्दल तरी नापसंती दाखवली होती.

३

दुसरा काला पत्थर. तोही दोघांनी मिळून ठरवला, आणि दुसऱ्या दुपारी ती तिथं होती.

मी घाईनं राधानगर लावला. रिकामा. म्हणजे माणसं होती, ती नव्हती. ती होती त्या जागी लाटा सरळ येऊन फुटत होत्या. ड्रोनचा व्हिडिओही साफ. पुन्हा काला पत्थर. तिथं ती आणि थोडी मोठी. आता अंबाडा दिसत होता, आणि पोलक्याच्या पाठीवर घामाचा ओला पट्टा.

आमच्या घरात भूत मानत नाहीत. रविवारी विहारात वंदनेला जातो, कुणाच्या अंगात आलं असं कळलं की सासूबाई सरळ "डॉक्टरले दाखवा" म्हणतात. आणि मी तुमसरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. तेव्हा मी प्रयोग करायचा ठरवला. नील बेटावरचा एक किनारा मी एकटीनंच निवडला. मनात पक्का केला, कुणाला सांगितला नाही, आणि दुपारभर पाहिला. ती आली नाही. ओहोटीतली वाळू, खेकडे, एक झोपलेलं कुत्रं. इतका स्वच्छ किनारा मी पाहिला नव्हता.

संध्याकाळी मी तो सुगतच्या हातात दिला. आम्ही पलंगावर बसलो होतो, मोबाईल दोघांच्या मध्ये. किनारा रिकामा होता. कुत्रं झोपलेलं होतं.

सुगतनं शेवटपर्यंत पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि म्हणाला, "चालेल."

त्याचा तो शब्द पुरता संपला नव्हता, तेवढ्यात चित्राच्या कडेला विटकरी रंग आला. ती चालत आली नाही. आधी नव्हती, मग होती. कुत्रं उठलं आणि चित्राबाहेर निघून गेलं.

"कुत्रं कुठं गेलं?" सुगतनं विचारलं.

त्याला तेवढंच दिसलं.

४

कारणं माझ्याकडे भरपूर होती. रात्री झोप नाही, नवी जागा, नवी माणसं. एखादी गोष्ट एकदा डोक्यात बसली की डोळे ती शोधून आणतात. आणि मोबाईल माणसाचं मन ओळखतो असं म्हणतात. मी ज्याकडे जास्त पाहते ते तो मला जास्त दाखवत असेल. हे शेवटचं कारण मला आवडलं होतं. पण सुगतच्या मोबाईलवरही ती होती, आणि दीपमालाच्याही. त्या दोघांना दिसत नव्हती एवढंच.

मग आवाज आला.

मी व्हिडिओ नेहमी आवाज बंद करून पाहायचे, भिंतीपलीकडे दीपमाला म्हणून. त्या दुपारी मुक्या किनाऱ्याकडे पाहत होते आणि ऐकू आलं, पच्. थोडं थांबून, पच्. चिखलात रुतलेला पाय उपसून पुन्हा टाकावा तसं. वाळूत असा आवाज होत नसावा, असं मला वाटलं. पण वाळूवर चालायचा मला कुठे अनुभव होता?

मी मोबाईल उशीखाली घातला. आवाज तेवढाच राहिला. उशीखालून येत असता तर दबला असता. मी खिडकीतून मागे पाहिलं. धान कापून झालं होतं, बांधींत नुसते वाळके खुंट, जमिनीला भेगा. चिखल कुठंच नव्हता.

"वहिनी," दारात दीपमाला. "एकटी एकटी कोणता पिच्चर पाहून राहिली? मले पण दाखव."

"आवाज येतो का तुला?"

"कायचा?"

पच्.

"कशाचा नाही," मी म्हणाले.

ती पलंगावर बसली, माझ्या हातातून मोबाईल घेतला, नीलचा किनारा पाहिला आणि उसासा टाकला. "नशीब काढलं बापा तुम्ही."

तिच्या अंगठ्याखाली ती वाकलेली होती. आता पाणी पोटऱ्यांपर्यंतच होतं. पोटऱ्यांवर चिखल होता, काळा, आमच्याकडचा असतो तसा.

एवढं होऊनही मी फार घाबरले नव्हते. कारण मला तिची पाठ दिसत होती. पाठ म्हणजे जाणारं माणूस. ज्याचं तोंड आपल्याकडे नाही त्याला आपलं काही नको आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ती मोठी दिसते हा कॅमेऱ्याचा दोष. तिची वाट पलीकडे आहे, आणि एक दिवस ती पार पाण्यात निघून जाईल.

५

धान वाळवायचं म्हणून सासूबाईंनी अंगण सारवायला काढलं. मी ओसरीच्या पायरीवर उभी होते, मोबाईल घेऊन. दीपमाला बादली भरून देत होती. सासूबाई फाटकाजवळून सुरू झाल्या, वाकून, हातानं अर्धगोल फिरवत. मी किनाऱ्याकडे पाहत होते. कशाचा तरी धक्का माझ्या पायांना लागला.

सासूबाईंची पाठ होती.

"सरक ना व माय!" त्या वाकलेल्याच ओरडल्या. "मागं डोळे हायेत का मले?"

दीपमाला खिदळली. "वहिनी अंदमानात हाय आई. तिले कुठचं दिसते."

मी सरकले नाही. मला सरकता येईना. सासूबाईंच्या पुढे फाटकापर्यंत ओलं हिरवट अंगण पसरलं होतं, आणि त्या त्याच्याकडे तोंड करून, मागे मागे, माझ्यापर्यंत आल्या होत्या.

मग मी मोबाईलकडे पाहिलं, आणि ती काय करते आहे ते मला कळलं.

ती रोवणी करत होती.

यात ओळखायला अवघड असं काहीच नव्हतं. सिहोऱ्याकडे पावसाळ्यात घराघरातल्या बाया बांधीत उतरतात. कॉलेजच्या सुट्ट्यांत मीही उतरले आहे. डाव्या हातात धानाच्या रोपांची पेंडी, उजव्या हातानं रोप चिखलात टोचायचं, आणि पाऊल मागे. लावलेलं पुढे राहतं, बाई मागे येते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या असलेल्या माणसाला सगळा वेळ तिची पाठच दिसते, आणि ती पाठ दूर जात नाही. टाच धुऱ्याला टेकली की ओळ संपली. मग कंबर सरळ करायची आणि वळून पाहायचं, धुऱ्यावर कोण उभं आहे ते.

बांधीत दिसली असती तर मी तिला मैलावरून ओळखलं असतं. समुद्रात होती म्हणून शिंपले वेचणारी वाटली.

मी चित्र मोठं केलं. मला नको होतं, पण बोटांनी केलं. तिच्या पुढे, खोल पाण्याकडे, हिरवी टोकं वर आली होती. एकेक वीत अंतरानं, सरळ ओळीत. ओळ पाण्यातून आत जात होती, होड्यांच्या पलीकडे, जिथं आभाळ टेकतं तिथपर्यंत. एवढं लावत ती आली होती.

आता पाणी तिच्या घोट्यांशी होतं.

"काय झालं व?" सासूबाई सरळ झाल्या होत्या. शेणाचा हात हवेत धरून त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तोंड कायले असं केलं? लागलं का?"

६

"जायला नको," त्या संध्याकाळी मी सुगतला म्हणाले.

तो बूट काढत होता. एक काढला होता, एक पायात.

"नीलले?"

"कुठंच. समुद्रच नको."

त्यानं दुसरा बूट काढला, दोन्ही नीट जोडून भिंतीला लावले. 

"समुद्र नोको," तो म्हणाला, "का माह्यासंग नोको?"

"समुद्र."

"खरं सांग, तृप्ती. मी काही म्हणत नाही तुले. माणसाचं मन हाय."

मी तेव्हा सगळं सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? एक बाई आहे, ती समुद्रात रोवणी करते, आणि आपण दोघांनी मिळून जी जागा ठरवतो तिथं ती येते? नवी सून सुट्टीच्या तोंडावर असं म्हणाली तर त्याचा अर्थ एकच निघतो. तो समजूतदारपणे मान हलवेल आणि मग जन्मभर भिंतीकडे तोंड करून झोपेल.

"मला तुमच्यासोबत राहायचं आहे," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. भिंतीपलीकडे दीपमालाची खुर्ची करकरली. "त्याला समुद्र कशाला? घरीच राहू. सुट्टीभर. इथंच, आपल्या खोलीत."

सुगतनं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडत गेलं. लग्नापासून मी त्याला असं पाहिलं नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते, हेही माझ्या उशिरा लक्षात आलं.

"घरीच?" तो म्हणाला. मग हसला. "चालेल."

त्या क्षणी मला फक्त ते हसू दिसलं.

नंतर मी सगळे किनारे पाहिले, एकेक करून. राधानगर, काला पत्थर, नील. कुठंच ती नव्हती. हिरवं टोक नव्हतं. लाटा नेमानं येऊन फुटत होत्या आणि माणसं नेमानं ओरडत होती. मी व्हिडिओ पुसून टाकले आणि महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपले.

घरात दोन दिवस चेष्टा चालली. "दादा, बोडीतली म्हैस वाट पाहून राहिली तुही," दीपमाला म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "पोरीले अक्कल हाय," आणि माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकर टाकली.

७

सुगतची सुट्टी लागली त्याच सकाळी मागच्या दाराशी पावलं उमटली होती.

चिखलाची, ओली, बायकी. उंबऱ्याच्या आत, फरशीवर. बोटं दाराकडे होती.

"चिखलाच्या पायानं कोण गेलं व भायेर?" सासूबाईंनी विचारलं.

"मी नाही," दीपमाला म्हणाली. "मी आत्ता उठली."

"मंग चिखल का उडून आला?"

"मांजर असन."

"मांजराले पाच बोटं असतेत का व? कॉलेजात हेच शिकवतेत?"

सगळ्यांनी मागे जाऊन पाहिलं. बांध्या कोरड्या, भेगाळलेल्या. मोरीही कोरडी. कुणीतरी घरातून बाहेर गेलं एवढं सगळ्यांना मान्य होतं. वाद फक्त कोण गेलं याचा होता. सासूबाईंनी पावलं पुसली. मी स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होते. बाहेर जाणाऱ्या माणसाची पावलं आतून सुरू होतात. ही दारापासून सुरू झाली होती, आणि सगळ्यांत आतलं पाऊल सगळ्यांत ओलं होतं.

मग मला माझं स्वतःचं बोलणं आठवलं. घरीच. इथंच, आपल्या खोलीत. आणि त्याचं चालेल.

दुसऱ्या सकाळी पावलं स्वयंपाकघर ओलांडून आली होती. बोटं दाराकडे, टाचा आमच्या खोलीकडे. दोन पावलांच्या मध्ये फरशीवर पाण्याचे थेंब होते, वीत वीत अंतरावर, सरळ ओळीत. मी ते सासूबाईंच्या आधी उठून पुसले. पुसताना लक्षात आलं की मीही वाकून मागे मागे सरकते आहे. मी उभी राहिले आणि उरलेलं पायानं पुसलं.

सुगत खुशीत होता. खोलीला रंग द्यावा म्हणत होता. त्यानं खिडकीला नवा पडदा लावला, निळा, समुद्राची हौस म्हणून. मला वाटलं त्याला घेऊन कुठंतरी निघून जावं.

"आपण सिहोऱ्याला—" मी सुरुवात केली.

"हो ना, जाऊ की. कवा जाचं?"

सिहोऱ्याला माझी आई आहे. बाबा आहेत. ओसरीवर दिवसभर बसून असणारे.

"नको," मी म्हणाले. "काही नाही."

आम्ही दोघं मिळून कुठलंही ठिकाण ठरवलं तरी तेच होणार होतं. जग एवढं मोठं, आणि मला त्यात नवऱ्याला न्यायला जागा उरली नव्हती. एकच उपाय दिसत होता. ठरवलेलं मोडायचं. त्याला सांगायचं की मला तुझ्यासोबत कुठंच राहायचं नाही. आधी तसंच झालं होतं. किनारा नको म्हटलं की ती तिथून जात असे. ते वाक्य मी मनात जुळवून ठेवलं. तोंडातून काढायला दिवसभर धीर झाला नाही.

८

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी एकदम जाहीर केलं, की वरठीला मावशीकडे जायचं आहे, दीपमालालाही यायचं आहे.

"मले कायले?" दीपमाला म्हणाली. मग तिनं सुगतकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घाईनं चप्पल शोधायला लागली. "हो हो. मावशीले भेटाचंच होतं मले. लई दिवसाचं."

फाटक वाजलं. ऑटो निघून गेला. घर पहिल्यांदा आमच्या दोघांचं झालं.

सुगत पलंगावर येऊन बसला, माझ्या शेजारी, पण मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. खिडकीच्या पडद्यातून ऊन निळं होऊन आत पडलं होतं. हायवेवरून ट्रक जात होते. तो काहीतरी बोलायची तयारी करत होता. त्याचा अंगठा गादीच्या शिवणीवरून पुढे-मागे फिरत होता.

"बरं झालं घरीच राहिलो," तो म्हणाला.

पच्.

स्वयंपाकघरातून. मग थांबून, पच्. ओल्या मातीचा वास आला, श्रावणात बांधीवर येतो तसा, कोवळ्या रोपांचा आणि सडक्या गवताचा मिळून.

"तिथं गेलो असतो त हॉटेलवाले, गाईडवाले. इथं कसं, आपलं आपण."

दार अर्धं लोटलेलं होतं. त्याच्या फटीतून आधी लुगड्याचं खोचलेलं टोक आलं, गळतं. मग कंबर. ती आमच्याकडे पाठ करून आत आली, वाकलेली, उजवा हात फरशीपर्यंत नेत आणि उचलत. डाव्या हातातली पेंडी मला दिसली. एवढी हिरवी, की निळ्या उजेडातही हिरवी होती. ती घाई करत नव्हती. रोवणीत कुणी घाई करत नाही.

"तृप्ती? ऐकून राहिली ना?"

"हो."

पाठ पलंगापासून हातभर राहिली. मानेवरचे केस ओले होते. पोलक्याच्या शिवणीत चिखल वाळला होता. पुढचं पाऊल मागे आलं आणि टाच पलंगाच्या पायाला टेकली. अगदी हलका धक्का बसला. सुगतनंही खाली पाहिलं.

हात थांबला. कंबर सरळ व्हायला लागली.

"मला तुमच्यासोबत राहायचं नाही," मी म्हणाले. एका दमात म्हणाले. "इथं नाही. कुठंच नाही. लग्न माझ्या मर्जीनं झालं नव्हतं."

सुगतचा अंगठा शिवणीवर थांबला.

बाहेर ट्रक गेला, त्याच्यामागून दुसरा. पाठ अर्धी उठून तशीच राहिली, ऐकत असल्यासारखी. मी त्या पाठीकडे पाहत होते, त्याच्याकडे नाही. त्याच्याकडे पाहिलं असतं तर मला ते निभावता आलं नसतं.

"मले वाटतच होतं," सुगत म्हणाला. खूप हळू, कुणाला त्रास होऊ नये असं. "काही नाही. बरं झालं सांगितलं."

मी सांगितलं ते खोटं होतं. ते सुगतला कळलं नाही.

तिला कळलं.

पाठ सरळ झाली. कंबरेवर चिखलाचा हात आला, दमल्यावर येतो तसा. आणि ती वळली. मी डोळे मिटले नाहीत. मला एक कान दिसला, त्यावर चिकटलेली ओली बट, गालाची कड. त्याच्या पुढचं मला दिसलं नाही, कारण ती माझ्याकडे वळली नव्हती.

सुगतची मान हळूहळू वर झाली. तो कुणाच्या तरी तोंडाकडे पाहत होता. त्याला आता दिसत होती. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दारात कुणी उन्हातून दमून आलं की घरचं माणूस पाहतं, तसा तो पाहत होता.

"अहो," मी म्हणाले. "माझ्याकडे पाहा. खोटं होतं ते. ऐका ना, मी खोटं बोलले."

त्यानं पाहिलं नाही. पण तो माझ्याकडे सरकला. मधलं सगळं अंतर ओलांडून, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागेपर्यंत. एवढा जवळ तो दिवसाउजेडी कधी बसला नव्हता. खांदा गार पडला होता. आणि त्याच्या पलीकडे, पलंगाच्या कडेला, एका माणसापुरती जागा झाली होती. तिथली गादी दबत चालली होती.